जुनी कंबरदुखी: पोळ्यापासून वेचणीपर्यंतचे दोन महिने

कंबर असो, मान असो की गुडघा, दुखणं तीन महिन्यांच्या पुढं गेलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. लचकलेला स्नायू किंवा ताणला गेलेला अस्थिबंध साधारण सहा ते बारा आठवड्यांत भरून येतो. त्यानंतरही कंबर धरत असेल तर एक तर आत काही वेगळा आजार आहे, नाही तर इजा भरली तरी इजेची वर्दी देणारी मज्जासंस्था अजून निवलेली नाही. पुष्कळांच्या बाबतीत दोन्ही थोडं थोडं असतं.

मज्जासंस्था निवायला आठ-दहा आठवडे तरी लागतात, म्हणून कापूस पिकवणाऱ्या भागात वेचणीच्या आधी, पोळ्यालाच, मोजून काम आणि व्यायाम यांची सुरुवात करावी. पोळ्याची अमावस्या ते लक्ष्मीपूजनाची अमावस्या असे दोन महिने हाती मिळतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं कंबर मोडते ती धानाच्या रोवणीत; तिथं हाच हिशेब अक्षय तृतीयेपासून धरा.

आधी हे तपासून घ्या

लघवी अडली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा आणि मांड्यांची आतली बाजू बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद कमी झाली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. ही नस दबण्याची तातडीची अवस्था आहे. पाऊल वर उचलेना, चालताना चप्पल निसटायला लागली, तरीही लवकर दाखवा.

संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं आणि निजल्यावरही न थांबणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षयरोग आहे का, हे आधी बघावं लागतं. त्याची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली पाठदुखी, आधी कधी कॅन्सर झालेला असणं, झाडावरून किंवा बैलबंडीवरून पडणं, म्हाताऱ्या बाईची नुसती घसरून दुखावलेली पाठ, या सगळ्यांत एक्स-रे आधी, व्यायाम नंतर.

आपल्या विदर्भातल्या आणखी काही गोष्टी आहेत, ज्या शहरातल्या सल्ल्यात सापडत नाहीत. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णाचं अचानक उठलेलं असह्य दुखणं हे या लेखातलं दुखणं नव्हे. त्यात रक्तप्रवाह अडलेला असतो. पाणी पाजा आणि दवाखान्यात न्या, ताप किंवा छातीत दुखत असेल तर अजिबात थांबू नका. याच रुग्णाची जांघ दुखत असेल आणि तो लंगडत असेल तर खुब्याचं हाड तपासून घ्यावं. यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं ते पाणी पिऊन मान, पाठ आणि सांधे आखडतात, मान वळवायला अख्खं अंग वळवावं लागतं. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर व्यायामाआधी पाणी बदला. कातडीवर बधिर चट्टा, हातापायांत मुंग्या, कोपराजवळ किंवा गुडघ्यामागं जाड लागणारी नस असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा. तळपायांची आग होत असेल तर साखर आणि बी-१२ तपासा. आणि फवारणीत विषबाधा झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या येऊन ताकद कमी झाली तर डॉक्टरला औषधाचं नाव सांगा, रिकामी बाटली घरी असेल तर तिचा फोटो दाखवा.

यातलं काही नसेल तर पुढं वाचा.

दुखणं वाढवणारी आणि दाबणारी बाजू

कातडी, स्नायू, सांधे यांतून इजेची वर्दी दोन प्रकारच्या तंतूंनी निघते. एक जलद, सेकंदाला ५ ते ३० मीटर; दुसरे संथ, सेकंदाला दोन मीटरच्या आतले. पायात काटा रुतला की आधी चमक आणि मग मागून ठणका येतो, तो या फरकामुळे. ही वर्दी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोचते आणि तिथंच तिच्यावर पहिली प्रक्रिया होते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं की मज्जारज्जूत एक फाटक आहे. गुडघा आपटल्यावर आपण चोळतो, तेव्हा स्पर्शाची वर्दी ते फाटक ओढून घेते आणि ठणका कमी पोचतो. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी उलटी बाजू दाखवली. वर्दीचा मारा जोरात किंवा फार काळ झाला की मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच जास्त चेततात, आणि मग साध्या दाबालाही त्या वेदनेसारखा प्रतिसाद देतात. घरात एकदा चोरी झाली की राखणीचं कुत्रं पुढं कित्येक दिवस पान हललं तरी भुंकतं, तसं.

मेंदूकडून खाली येणारी एक दाबणारी यंत्रणाही असते. अंगात तयार होणारे अफूसारखे पदार्थ तीच वापरते. झोप मोडली, डोक्यावर कर्जाचा ताण असला, 'आता आपलं काही खरं नाही' असा धसका बसला, की ही बाजू कमजोर पडते. म्हणून दुखणं मनावर अवलंबून आहे असं म्हटलं की लोक चिडतात, आणि ते बरोबरच आहे, कारण ऐकणाऱ्याला ते 'नाटक करतो' असं ऐकू येतं. दुखणं खरंच असतं. ते तयार करण्यात झोप, भीती आणि कंबर तिघांचा वाटा असतो, एवढंच.

तुमचं दुखणं अशा जास्त चेतलेल्या मज्जासंस्थेचं आहे का, हे काही खुणांवरून कळतं. हलक्या स्पर्शानं किंवा कपडा घासल्यानंही दुखतं. कंबरेत सुरू झालेलं दुखणं पाठीत, मानेत, दोन्ही बाजूंना पसरलंय. काम तेवढंच असूनही एक दिवस दुखणं दहापैकी चार, दुसऱ्या दिवशी आठ. रात्र खराब गेली की सकाळ हमखास वाईट. सोबत कायमचा थकवा, आवाजाचा आणि उजेडाचा वैताग.

'मणक्यात गॅप आहे'

हे वाक्य पुष्कळांना दुखण्यापेक्षा जास्त अपंग करतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती अशा माणसांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या. पन्नाशीच्या लोकांत सुमारे ८० टक्क्यांच्या मणक्यांतल्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ६० टक्क्यांच्या फुगलेल्या. विशीतल्यांतही झीज ३७ टक्क्यांच्या घरात होती. म्हणजे पन्नाशीच्या माणसाच्या रिपोर्टवर झीज दिसली, तर ते पिकल्या केसांइतकंच साधं असू शकतं. रिपोर्टमधली नस दबण्याची जागा आणि पायातल्या कळेची जागा जुळते का, हे डॉक्टरला विचारा. कळ गुडघ्याखाली एका रेषेत उतरत असेल, पाय बधिर असेल, तर रिपोर्टला अर्थ आहे. नुसती कंबर दुखते आणि रिपोर्टवर झीज आहे, तर त्या कागदावरून वाकणं सोडू नका.

कामाची मात्रा ठरवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. बरं वाटलं त्या दिवशी दिवसभर निंदण, मग तीन दिवस बाजेवर, पुन्हा बरं वाटलं की पुन्हा दिवसभर. या चक्रात स्नायू उतरत जातात आणि मज्जासंस्था शिकते की वाकलं की भडका. उलट, दुखेपर्यंत काम आणि दुखलं की थांबणं हेही फसतं, कारण थांबण्याची खूण वेदना होऊन बसते. थांबायचं ते घड्याळावर, दुखण्याआधी.

मोजणी अशी करा. तीन वेगवेगळ्या दिवशी नेहमीचं वाकून करायचं काम सुरू करा आणि दुखणं वाढायला लागेल तेव्हा मिनिटं लिहून ठेवा. समजा २५, १५ आणि २० आली. सरासरी २०. तिचे ८० टक्के म्हणजे १६ मिनिटं. ही तुमची एका बैठकीची मात्रा. पहिल्या आठवड्यात १६ मिनिटं काम, मग ५ ते १० मिनिटं सुट्टी, अशा चार बैठका. बरं वाटलं तरी पाचवी नाही, आणि दुखत असलं तरी चौथी चुकवायची नाही. दुसरी अट पाळणं लोकांना जड जातं, पण खरा फरक तिनंच पडतो.

दर आठवड्याला १० टक्के वाढवा. १६ ची १७-१८, मग १९-२०. अशा आठ वाढींत बैठक ३४ मिनिटांच्या आसपास जाते. एका आठवड्यात एक तर मिनिटं वाढवा, नाही तर बैठका. दोन्ही एकदम नाही. सुट्टीत आडवं व्हायचं नाही. धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) चालत जा, पाणी प्या, कंबरेवर हात ठेवून दहा वेळा मागं झुका.

फोन पिशवीत राहतो, गजर ऐकू येत नाही, ही खरी अडचण आहे. मग १६ मिनिटांत किती ओळ निंदून होते ते एकदा बघा आणि पुढं ओळीवर हिशेब ठेवा. फक्त कपाशी वाढली किंवा गवत दाट झालं की हा हिशेब बदलतो, दर आठवड्याला पुन्हा मोजा.

वजनाचंही असंच. वेचताना कंबरेला बांधलेली कापसाची ओटी भरत जाते तशी ती कंबर पुढं ओढते. दहा किलोची वाट न बघता चार-पाच किलोवर रिकामी करा. १६ लिटरचा फवारणीचा पंप अर्धाच भरा, पाठीवरचे आठ किलो तिथंच कमी होतात; फेऱ्या वाढतील, वाढू द्या. दोन्ही पट्टे खांद्यावर घ्या. पाण्याचा गुंड गळ्यापर्यंत भरून एक खेप करण्यापेक्षा अर्ध्या दोन खेपा बऱ्या.

किलोवर वेचणी असेल तर थांबणं तुमच्या हातात असतं, पण हाव सुटते. रोजानं असाल तर मुकादमाशी बोलून वाकण्याचं आणि उभ्याचं काम आलटून पालटून घ्या. उंच कपाशीत वेचणी उभ्यानं होते, ती ओळ मागून घ्या. गुत्त्याची, म्हणजे ठेक्यानं घेतलेली, सोयाबीन सोंगणी (कापणी) मात्र पहिल्या हंगामात घेऊ नका. गुत्त्यात शर्यत असते आणि मात्रा पाळता येत नाही.

वाकण्याची भीती काढणं

ज्याची कंबर वर्षभर दुखलीय तो जमिनीवरची चिलिम उचलतानाही श्वास रोखून, पाठ ताठ करून उचलतो. या ताठपणानं पाठीचे स्नायू सतत आवळलेले राहतात आणि त्यांतून नवी वर्दी जात राहते. त्यामुळे वाकणं पायरीपायरीनं परत शिकवावं लागतं.

पहिले दोन आठवडे ओट्याच्या किंवा बाजेच्या काठावर बसा, पाय जमिनीवर. श्वास सोडत पुढं झुका, हात आधी गुडघ्यांपर्यंत, जमलं की नडगीपर्यंत, मग जमिनीपर्यंत. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या आठवड्यापासून उभं राहून, गुडघे थोडे सैल सोडून तेच. पाचव्यात रिकामी ओटी बांधून, सहाव्यात ओटीत दोन किलो, आठव्यात पाच. पाठ गोल झाली तर चालतं. श्वास रोखला तर चालत नाही, कारण श्वास रोखून वाकलं की शरीराला तो धोक्याचा क्षणच वाटतो.

सोबत दोन व्यायाम. बाजेवरून हात न टेकता उठा-बसा, आठ वेळा, दोन फेऱ्या. चटईवर उताणं निजून गुडघे मोडा आणि कंबर वर उचलून पाच मोजा, आठ वेळा, दोन फेऱ्या. ही कंबर उचलणी सुतळी सैल पडलेल्या बाजेवर करू नका, अंग मध्ये खचतं. आणि चालणं: सुरुवातीला दिवसातून दोनदा दहा मिनिटं, बोलता येईल एवढ्या वेगानं, दर दोन-तीन दिवसांनी एक मिनिट वाढवत अर्ध्या तासापर्यंत.

श्वास आणि झोप

चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर. मिनिटाला सहा श्वास. पाच मिनिटं, सकाळी उठल्यावर आणि रात्री पडल्यावर. बाहेर सोडायचा श्वास लांब असला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि मज्जासंस्थेची शांत करणारी बाजू वरचढ होते. चक्कर आल्यासारखं वाटलं तर तुम्ही फार खोल ओढताय. श्वास हलका करा, लय तीच ठेवा.

झोपेवर मात्र खरं काम आहे, कारण ओलिताला लाइट रात्री येते. मोटार सुरू करायला दोनला उठणारा माणूस सकाळी कंबर धरूनच उठणार. ओलिताच्या पाळीची रात्र टळत नसेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धा-पाऊण तास झोपा आणि त्या दिवसाची मात्रा एक पायरी खाली घ्या. घरात दोघं असतील तर रात्री आलटून पालटून वाटून घ्या. रात्रीच्या जेवणानंतरचा खर्रा बंद करा, तंबाखूतलं निकोटीन झोप उथळ करतं. दारूनं झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते. तिला दुखण्यावरचं औषध समजू नका.

सुई, पुडी, बिब्बा, पट्टा

बाजाराच्या दिवशी सुई घेतली की दोन दिवस कंबर मोकळी वाटते. त्या सुईत बहुधा डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक असतं, कधी सोबत स्टेरॉइड. मोकळ्या वाटणाऱ्या दोन दिवसांत माणूस चार दिवसांचं काम उरकतो आणि वर सांगितलेलं चक्र पुन्हा फिरतं. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक रोज घेतल्यानं पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मे महिन्यात अंगातलं पाणी आटलेलं असताना आणि बीपीच्या गोळ्या चालू असताना जास्तच. नाव नसलेल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. त्यानं साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. महिनोन्महिने पुडी चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरच्या देखरेखीत कमी करा.

नसेच्या दुखण्याला, म्हणजे आग, मुंग्या, विजेसारखी कळ असेल तर, डॉक्टर अमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन अशा गोळ्या देतात. अमिट्रिप्टिलीन साधारण रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू होते, फरक दिसायला दोन ते चार आठवडे जातात. सुरुवातीला गुंगी येते, तोंड सुकतं. लघवीला अडखळणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं आणि हृदयविकार असणाऱ्यानं हे आधीच सांगावं. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन अचानक थांबवायच्या नसतात.

बिब्ब्यानं किंवा चटक्यानं आराम पडतो तो खरा असतो, पण तासाभराचा. एका जागची तीव्र वेदना दुसरीकडची वेदना काही वेळ दाबते. बदल्यात फोड आणि जखम मिळते. त्यापेक्षा गरम पाण्याच्या पिशवीचा १५-२० मिनिटं शेक बरा, मध्ये जाड कापड ठेवून. बधिर पायाला शेक अजिबात देऊ नका, भाजलेलं कळत नाही.

कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) यांवर पैसे घालू नका. दुसरा आजार न सापडलेल्या जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात दोन्ही नेहमीचे उपाय म्हणून नकोत असं सांगितलं आहे. व्यायाम आणि समजावणं हे दोन्ही मात्र त्यात आहेत.

दुखणं उसळलं तर

आठ आठवड्यांत ते दोन-तीनदा उसळणारच. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर दोन अंकांनी वाढलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं, तर काही बदलू नका. दुसऱ्या सकाळीही तेवढंच असेल तर दोन दिवस मात्रा निम्मी करा: १६ ची ८ मिनिटं, बैठका तेवढ्याच. शेक, श्वास, चालणं चालू ठेवा. तिसऱ्या दिवशी मागच्या आठवड्याच्या मात्रेवर या. दिवसभर पडून राहू नका. नवी लक्षणं, म्हणजे बधिरपणा, ताप, पायातली ताकद कमी होणं असं काही दिसलं तर हा हिशेब सोडून दवाखाना.

घरच्यांनी सकाळ-संध्याकाळ 'किती दुखतंय?' विचारणं थांबवावं. प्रत्येक वेळी उत्तर द्यायला माणूस आत जाऊन दुखणं शोधतो. 'आज किती बैठका झाल्या?' हे विचारा. सुनेची किंवा आईची कंबर असेल तर पाणी भरणं आणि चुलीपुढचं वाकणं हेही तिच्या मात्रेत मोजा; शेतातल्या चार बैठका तेवढ्या मोजल्या आणि घरातल्या सहा सोडल्या, तर गणित चुकतं आणि दोष व्यायामाला जातो.

आठ आठवडे नेमानं करूनही बैठकीची मिनिटं वाढली नाहीत, तर फिजिओथेरपिस्ट असलेल्या जिल्हा रुग्णालयात, नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात दाखवा. जाताना मिनिटांची वही, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुने एक्स-रे सोबत घ्या. दुखण्याचा आकडा रोज लिहायची गरज नाही. काम किती झालं आणि झोप किती झाली, हे दोन रकाने डॉक्टरला पुरतात.